मोक्षपटाचे नियम कोणी बदलले?

मंडळी, गोरोबाकाकांनी थापटण्याने संतांची डोकी तपासल्याची गोष्ट हिंगोली जिल्ह्यात नव्याने सांगायला नको. आपल्या नरसीच्या नामदेवांचे मडके कच्चे निघाले. पांडुरंगाशी बोलणारा भक्त, आणि त्याला गुरूसाठी औंढ्याला, विसोबा खेचरांकडे जावे लागले. कथा परंपरेतली आहे, तिची तारीख विचारायची नसते. पण आज ती एका खेळाचा डाव म्हणून बघा. शेवटच्या घराजवळ पोहोचलेला गडी साप लागून खाली येतो. सापशिडीत हे रोजचेच. तो साप तिथे कशासाठी ठेवला होता, हा आपला आजचा विषय.

सापशिडीचे जुने रूप म्हणजे मोक्षपट, उत्तरेकडे ज्ञानचौपड. तो ज्ञानेश्वरांनी तयार केला असे आपल्याकडे सांगतात. ज्ञानेश्वरांचा काळ तेराव्या शतकाचा, आणि आज हाती असलेले बहुतेक पट अठराव्या-एकोणिसाव्या शतकातले, म्हणून त्या श्रेयाला आम्ही परंपरा म्हणतो, पुरावा नाही. मराठी पटांकडे लक्ष वेधले ते पुण्याच्या भांडारकर संस्थेचे ग्रंथपाल वा. ल. मंजुळ यांनी, डॉ. रा. चिं. ढेरे यांच्या संग्रहात त्यांना असे पट मिळाले. डेन्मार्कचे अभ्यासक जेकब श्मिट-मॅडसेन यांनी तर या खेळावर कोपनहेगनला प्रबंधच लिहिला.

आता नियम. पट एकच नव्हता. जैनांचा ८४ घरांचा, वैष्णवांचा बहुधा ७२ घरांचा. घराघराला नाव असे: काम, क्रोध, लोभ, भक्ती, दया. कवड्या टाकायच्या, सोंगटी हलवायची, आणि आपण कुठल्या घरात आलो ते वाचायचे. सोंगटी म्हणजे जीव. म्हणजे गडी एक पात्र घेऊन खेळतो आहे, हे लक्षात ठेवा.

७२ घरांच्या पटातली खरी गंमत वरच्या ओळीत आहे. वैकुंठाचे घर ६८ वे, त्या ओळीच्या बरोबर मध्यभागी. ते शेवटचे घर नाही! दान जास्त पडले तर गडी वैकुंठ ओलांडून पुढे जातो, आणि ७२ व्या घरात, तमोगुणात, साप त्याची वाट बघत असतो. तो थेट पृथ्वीवर आणून सोडतो. पुढे जाणे वेगळे आणि पोहोचणे वेगळे, हे कुणी प्रवचन न देता, निव्वळ घरांच्या क्रमाने समजावले आहे. नामदेवांची गोष्ट आम्हाला आठवली ती इथेच.

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस हा खेळ इंग्लंडात छापला जाऊ लागला. घरे १०० झाली आणि शंभरावे घर म्हणजे जिंकणे, हे ठरून गेले. जुन्या पटांत साप जास्त, शिड्या कमी. इंग्रजी पटांत दोन्ही बरोबरीने आल्या. काटकसर, उद्योग, पश्चात्ताप अशी व्हिक्टोरियन घरे आली, मग तीही पुसली गेली. १९४३ साली अमेरिकेत मिल्टन ब्रॅडली कंपनीने सापांच्या जागी घसरगुंड्याच आणल्या. उरली ती शर्यत.

असेच अगदी अलीकडे, आपल्या डोळ्यांदेखत दुसऱ्या एका खेळात झाले. इथल्या तरुण मंडळींना ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ ठाऊक असेल. १९७४ साली अमेरिकेत गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांनी काढलेला. टेबलाभोवती बसून पात्र घ्यायचे, फासे टाकायचे आणि सगळ्यांनी मिळून गोष्ट पुढे न्यायची. त्यात प्रत्येक पात्राला एक नैतिक वृत्ती असते. १९७९ च्या नियमपुस्तकात वृत्ती बदलली तर पात्राची एक पातळी कापली जाई. म्हणजे सापच की! पॅलाडिन नावाच्या धर्मयोद्ध्याने जाणूनबुजून दुष्कृत्य केले तर त्याचे पॅलाडिनपण कायमचे जाई. २००८ च्या चौथ्या आवृत्तीत नऊ वृत्तींच्या पाच केल्या. २०१४ च्या पाचव्या आवृत्तीत नऊ परत आल्या, पण त्यांचा खेळाच्या हिशोबाशी फारसा संबंध राहिला नाही, आणि पॅलाडिन कुठल्याही वृत्तीचा चालतो. खेळणाऱ्यांची तक्रारही खोटी नव्हती: खेळ चालवणारा ‘तू पाप केलेस’ म्हणायचा आणि संध्याकाळभर भांडण. इंग्लंडच्या छापखान्यातही कुणाला तरी असेच वाटले असेल, मुलांना कशाला छळायचे?

एक फरक मात्र मोठा आहे. २०२३ च्या जानेवारीत मालक कंपनीने या खेळाचा खुला परवाना बदलायचा घाट घातला, तेव्हा खेळणाऱ्यांनी इतका गदारोळ केला की महिनाभरात माघार घेऊन मूळ नियम सर्वांसाठी मोकळे करावे लागले. कारण जुन्या आवृत्त्या त्यांच्या कपाटात होत्या. काय बदलले ते पान उघडून दाखवता येत होते. मोक्षपटाचे वैकुंठ मधल्या घरातून हलले तेव्हा ओरड करायला कोण होते? औंढ्याच्या महाशिवरात्रीच्या यात्रेत आजही पोरे सापशिडी घेतात, मागच्या बाजूला ल्युडो असलेली. घरांवर नुसते आकडे.

म्हणून जाता जाता एक विनंती. तुमच्या घरी जुन्या बाडांत, पोथ्यांच्या रुमालात, घरे आखलेला आणि सापांची चित्रे असलेला कागद किंवा कापड असेल तर ते झटकून-पुसून ठेवू नका, चिकटपट्टी लावू नका. आधी फोटो काढा, आणि वरच्या ओळीतली नावे नीट वाचा. वैकुंठ किंवा मोक्ष कितव्या घरात आहे, तेवढे आम्हाला कळवा.