नर-मादीची लहर आणि बोरीचा हिशेब

नळदुर्गच्या किल्ल्यातले नर-मादी धबधबे लहरी आहेत, अशी तक्रार असते. एखाद्या पावसाळ्यात ते धो धो कोसळतात, एखाद्या वर्षी पर्यटक कोरडी भिंत पाहून माघारी फिरतात. मात्र यात लहर कसलीच नाही. दुसऱ्या इब्राहिम आदिलशाहाच्या काळात, १६१३ मध्ये, मीर महंमद इमादीन याने बोरी नदीवर काळ्या दगडाचा बंधारा घातला आणि मुख्य किल्ला पलीकडच्या रणमंडळ या उपदुर्गाशी जोडला. पाणी अडवायचे, ते गडाच्या हाताशी ठेवायचे, हा त्यातला पहिला हेतू. बंधाऱ्यात जे मावत नाही तेच नर आणि मादी या दोन वाटांनी खाली पडते. धबधबा म्हणजे साठ्यानंतर उरलेली बाकी. ती दरसाल सारखी कशी निघेल?

यावर कोणी म्हणेल, भिंतीच्या पोटात पायऱ्या उतरून पाणीमहाल आणि त्याच्या खिडकीसमोर कोसळते पाणी, हा तर सुलतानी शौक. शौक होताच. परंतु पूर वाटेल तिथून ओसंडू दिला तर बंधाऱ्याचा पायाच उखडतो. त्याला नेमकी वाट द्यावीच लागते. बांधणाऱ्याने ही गरजच देखणी केली.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. आज वरच्या अंगाला बोरी धरण आहे आणि ते भरून सांडल्यावरच किल्ल्यात पाण्याचा जोर येतो. मग आजच्या धबधब्यावरून आदिलशाही काळाचे काय कळणार? त्या काळचा पाऊस कळणार नाही, हे खरे. पण बदलता प्रवाह कसा वाचावा, हे कळते. त्यासाठी एक दूरचे उदाहरण घेऊ. शनीच्या एन्सेलाडस या बर्फाळ चंद्रावरचे फवारे कॅसिनी यानाने २००५ मध्ये टिपले. सुमारे ३३ तासांच्या प्रदक्षिणेत तो शनीपासून सर्वांत दूर असतो तेव्हा ते सर्वांत ठळक दिसतात, कारण शनीच्या ओढीतल्या फरकाने बर्फातल्या भेगांवरचा ताण बदलतो. तिथेही एका दिवसाच्या छायाचित्रावरून जोर ठरवणारा फसेल. कारण शोधावे लागते ते फवाऱ्यामागे. नळदुर्गला ते वरच्या साठ्यात सापडते. १६१३ मध्ये बोरीच्या पाण्यावर पहिला हक्क गडाचा होता. आज तो शेतीचा आणि पिण्याच्या पाण्याचा आहे. धाराशिवसारख्या अवर्षणप्रवण जिल्ह्यात हा बदल रास्तच म्हणावा लागेल. म्हणून किल्ल्याच्या इतिहासात बांधकामाच्या सालाइतकीच, पाण्याचा हक्क कोणाकडून कोणाकडे गेला याचीही नोंद हवी.