दोष कंडेन्सरचा, शिक्षा व्हॉल्व्हला

नरकचतुर्दशीच्या पहाटे, बंब पेटण्याच्याही आधी, गिरगावातल्या आमच्या चाळीत पहिला उजेड पडे तो काकांच्या अँप्लिफायरचा. बटण दाबल्यावर अर्धा-एक मिनिट काहीच होत नसे. मग काचेच्या व्हॉल्व्हमधले तंतू हळूहळू तांबूस होत आणि सनईचे सूर सबंध मजल्यावर पसरत. हे यंत्र बाजारातून आणलेले नव्हते. काकांनी ते 1957 साली स्वतः जोडले होते. ट्रान्सफॉर्मरचे वेढेसुद्धा त्यांनी हाताने मोजून गुंडाळले होते. नकाशा मात्र त्यांचा नव्हता. तो विलायतेहून आला होता, आणि त्याची हकीकत जरा मागून सांगावी लागेल.

1904 साली जॉन अँब्रोज फ्लेमिंग यांनी विजेला एकाच दिशेने जाऊ देणारा व्हॉल्व्ह बनविला. दोन वर्षांनी अमेरिकेत ली डी फॉरेस्ट यांनी त्यात तारेची एक जाळी घातली. तिला ग्रिड म्हणतात. पाटाच्या तोंडाशी दारे धरणारे पोर मूठभर मातीने सगळे पाणी वळविते, तशी ही ग्रिड स्वतःवरच्या किरकोळ दाबाने मोठा प्रवाह कमीजास्त करते. 1915 साली न्यूयॉर्क ते सान फ्रान्सिस्को टेलिफोन सुरू झाला तो या व्हॉल्व्हच्या जोरावर. पण त्यात एक खोट होती. आवाज मोठा करताना व्हॉल्व्ह त्यात पदरचे काहीतरी मिसळतो. निरोप्याने निरोप रंगवून सांगावा तसा. लांबच्या तारेवर असे निरोपे एकापुढे एक बसविले, म्हणजे शेवटच्या माणसाला काय ऐकू येणार ते सांगायला नको.

या दुखण्यावर औषध सापडले ते बोटीत. हॅरॉल्ड ब्लॅक नावाचा इंजिनिअर 2 ऑगस्ट 1927 रोजी सकाळी फेरीबोटीतून हडसन नदी ओलांडून कामावर निघाला होता. हातात 'न्यूयॉर्क टाइम्स' होता. कल्पना सुचताच त्याने त्याच पानावर आकृती काढली. बाहेर पडणाऱ्या आवाजाचा थोडा अंश उलटा करून पुन्हा आत आणायचा; म्हणजे यंत्राने पदरचे जे घातले असेल ते आपोआप वजा होते. यात वाढ बरीचशी खर्ची पडते, पण शुद्धता हाती लागते. कमावलेले आपण होऊन परत द्यायचे, ही गोष्ट पटायला जडच. पेटंट मिळायला 1937 साल उजाडावे लागले.

हीच युक्ती घरगुती संगीतापर्यंत उत्तम रीतीने आणली ती डी. टी. एन. विल्यमसन यांनी. त्यांचा लेख 'वायरलेस वर्ल्ड' मासिकाच्या 1947 च्या एप्रिल आणि मे अंकांत आला. के.टी. 66 जातीचे दोन व्हॉल्व्ह, पंधरा वॉट शक्ती आणि विकृती फक्त एक दशांश टक्का! लेखात ट्रान्सफॉर्मर कसा गुंडाळावा इथपर्यंत तपशील होता. देशोदेशींच्या हौशी लोकांनी ते यंत्र घरी बनविले. गंमत अशी, की त्याच वर्षीच्या डिसेंबरात ट्रान्झिस्टर जन्मला. व्हॉल्व्ह ऐन बहरात आला आणि त्याचा वारस पाळण्यात पडला. काकांना ते अंक दहा वर्षांनी फोर्टातल्या पदपथावर, रद्दीच्या भावात मिळाले.

2009 साली काका गेले आणि यंत्र माझ्या ठाण्याच्या घरी आले. दुसऱ्याच महिन्यात उजव्या व्हॉल्व्हची आतली प्लेट निखाऱ्यासारखी लाल झाली. नवा व्हॉल्व्ह आणला. (ते अजून बनतात, पण किंमत ऐकून घाम फुटतो.) तोही आठवड्यात लाल. एका दुरुस्तीवाल्याने पाच मिनिटे पाहून निकाल दिला, "ट्रान्सफॉर्मर गेलाय साहेब. तांब्याचे पैसे येतील." काकांच्या हातचे ते वेढे भंगारात घालायचे? मी यंत्र उचलले आणि घरी आलो.

तेव्हा आठवली काकांची वही. यंत्र नवे असताना प्रत्येक ठिकाणी किती दाब होता, हे त्यांनी तारीखवार लिहून ठेवले होते. ट्रान्सफॉर्मरचा रोध मोजला. वहीतल्या आकड्याशी तंतोतंत जुळला! म्हणजे तो निर्दोष. मग मोठे व्हॉल्व्ह काढून घेतले आणि रिकाम्या सॉकेटात ग्रिडच्या टोकाशी दाब पाहिला. वहीत शून्य होते. मीटर दाखवीत होता अकरा व्होल्ट.

चोर सापडला. आधीच्या व्हॉल्व्हवर शेकडो व्होल्टचा दाब असतो. त्यातून सूर पुढे जावा पण दाब जाऊ नये, म्हणून मध्ये एक कंडेन्सर बसवितात. त्या काळी तो मेणात बुडविलेल्या कागदाचा असे. आमच्या मुंबईच्या पन्नास पावसाळ्यांत त्या कागदाने दमट हवा प्यायली आणि दाब झिरपू लागला. दारे धरणाऱ्या पोराला झोप लागावी तशी ग्रिडची पकड ढिली पडली, प्रवाह वाढला आणि व्हॉल्व्ह तापला. सगळ्यांत स्वस्त जिनसेचा अपराध, आणि सुळावर जात होती सगळ्यांत महाग जिन्नस. तपासून पाहता चारही कागदी कंडेन्सर झिरपत होते.

बाकीची दुखणी म्हातारपणाची. घुं घुं असा खर्जातला आवाज येत होता, कारण वीज गाळणाऱ्या कंडेन्सरमधला ओलावा सुकला होता. कार्बनच्या रोधकांचे आकडे चढले होते, सॉकेटांच्या कड्या काळवंडल्या होत्या. पण मला चकित केले ते दुसऱ्याच गोष्टीने. इतके बिघडूनही सूर वर्षानुवर्षे गोड कसा राहिला? ही करामत ब्लॅकच्या युक्तीची. ती दोष वजा करते, म्हणजे झाकतेही. कानाला कळेपर्यंत आत बरेच काही होऊन गेलेले असते. म्हणून अशा यंत्रापुढे कानापेक्षा मीटरवर भिस्त ठेवावी. शिवाय आत साडेचारशे व्होल्ट असतात, आणि बटण बंद केल्यावरही ते कंडेन्सरमध्ये दबा धरून बसतात. रोधक लावून ते आधी उतरवावेत आणि मोजताना एक हात खिशात ठेवावा. काकांनी मला दहाव्या वर्षी शिकविलेला हा नियम.

लॅमिंग्टन रोडवरून पॉलिएस्टरचे चार कंडेन्सर आणले. सगळे मिळून एका व्हॉल्व्हच्या पासंगालाही पुरत नव्हते. डाख देऊन ते बसविले, गाळणीचे कंडेन्सरही बदलले आणि यंत्र सिरीज दिव्यावर लावले. आत कुठे शॉर्ट असेल तर शंभराचा दिवा लखलखीत राहतो. तो क्षणभर पेटला आणि मंद झाला. ग्रिडवर शून्य आले. वहीत काकांच्या 1957 च्या आकड्यांखाली मी त्या दिवशीची तारीख घातली आणि नवे आकडे लिहिले. शेवटच्या रकान्यात काकांनी शेरा मारला होता, "सनई ठीक." तेवढा रकाना मी चतुर्दशीपर्यंत कोरा ठेवला.