आगगाडी आणि बोंडांतील किडा

सुमारें १९०३ सालीं अमेरिकेंतील मिसिसिपी संस्थानांत टटवायलर स्टेशनावर गाडीची वाट पाहतां पाहतां डब्ल्यू. सी. हँडी या कृष्णवर्णी संगीतकारास डुलकी लागली. जाग आली तों शेजारीं फाटक्या कपड्यांतील एक मनुष्य गिटारच्या तारांवर सुरी दाबून गात होता. दोन लोहमार्ग जेथें एकमेकांस छेदतात तेथें आपण जाणार, एवढाच त्या गीताचा विषय! ही हकीकत हँडीनें १९४१ सालच्या आत्मचरित्रांत सांगितली आहे.

‘ब्लूज’ गीतांतील आगगाडी हें केवळ वाहन नव्हे. १८६५ सालीं गुलामगिरी कायद्यानें संपली. तरी अर्धेलीच्या शेतीनें व कर्जानें मजूर कापसाच्या मळ्यास जखडलेलाच राहिला. शिकागोकडे जाणारी गाडी ही त्याची सुटका. मागें राहणाऱ्या स्त्रीस मात्र तीच शिटी वियोगाची. शिवाय १८९६ च्या निकालानें वर्णावरून वेगळे डबे न्यायसंमत ठरले होते. म्हणजे सुटकेच्या वाटेवरहि बेडी होतीच.

प्राण्यांचा अर्थ पुष्कळदां निव्वळ शृंगारिक असतो, हें नाकारूं नये. परंतु चार्ली पॅटननें १९२९ सालीं ध्वनिमुद्रित केलेलें बोंडांतील किड्याचें गीत निराळें आहे. मेक्सिकोहून १८९२ च्या सुमारास टेक्सासांत शिरलेल्या या किड्यानें कापूस फस्त केला. पीक बुडालें कीं मजुराचेंहि पोट बुडे. तरी लोकगीतांत या घर शोधीत फिरणाऱ्या किड्याचें कौतुकच दिसतें. कां? धन्याला तो जुमानीत नव्हता. मजुरास जें उघड बोलण्याची सोय नव्हती, तें त्यानें किड्याच्या नांवावर गाऊन घेतलें.