किल्ल्यात हॉटेल : स्पेनने काय केलं?

किल्ल्यात हॉटेल म्हटलं की आपल्याकडे भडका उडतो. सप्टेंबर २०१९ मध्ये २५ किल्ल्यांची बातमी आली तेव्हा काय झालं ते आठवत असेलच. या प्रश्नाशी स्पेन जवळजवळ शंभर वर्षं झगडतोय. तिथला अनुभव वाचण्यासारखा आहे.

स्पेनमध्ये 'पारादोर' नावाची सरकारी हॉटेलं आहेत. पारादोर म्हणजे वाटेत थांबायची जागा. पहिलं १९२८ मध्ये ग्रेदोसच्या डोंगरात राजा तेरावा आल्फोन्सो याच्या काळात सुरू झालं. कल्पना साधी होती. जिथे खासगी हॉटेलवाला जाणार नाही, तिथे सरकारने जायचं. आणि शक्य तिथे ओस पडलेले वाडे, मठ, गढ्या वापरात आणायच्या.

दक्षिणेत, आंदालुसियात, हे फार छान दिसतं. सेव्हिलपासून साधारण ३० किलोमीटरवर कार्मोना गाव आहे. तिथल्या मुस्लिम राजवटीतल्या किल्ल्यात १४व्या शतकात पेद्रो राजाने महाल उभारला. १५०४ च्या भूकंपात त्याची दाणादाण उडाली. १९७६ पासून त्या आवारात पारादोर आहे. पुढे ऑलिव्हच्या बागांमधून उबेदाला जा. तिथे १६व्या शतकातल्या वाड्यात १९३० पासून पाहुणे राहतात. ग्रानादाचं पारादोर तर आल्हाम्ब्राच्या आवारातल्या मठात आहे. राणी इसाबेला आणि राजा फर्नांडो यांना आधी याच मठात पुरलं होतं, १५२१ मध्ये त्यांना कॅथेड्रलशेजारच्या राजघराण्याच्या चॅपलमध्ये हलवलं.

सगळंच गोड आहे असं मुळीच नाही. खाएनच्या टेकडीवर १९६० च्या दशकात पारादोर बांधलं ते जुन्या किल्ल्याच्या अवशेषांवरच. म्हणजे वारसा दाखवायला वारशाचाच बळी! शिवाय त्या दशकातला मोठा विस्तार फ्रँकोच्या हुकूमशाहीने केला. पर्यटक आणून जगात प्रतिमा सुधारायची, हा त्यामागचा हिशोब होता.

पण एक गोष्ट बघा. राजा गेला, प्रजासत्ताक आलं, यादवी झाली, हुकूमशाही आली-गेली, लोकशाही आली. १९९१ मध्ये पारादोरची कंपनी झाली, पण तिचे सगळे शेअर सरकारकडेच राहिले. नफा-तोटा, पडझड, चूक, सगळ्याचा जाब सरकारलाच द्यावा लागतो. आणि खोली परवडत नसली तरी आत जाऊन एक कॉफी पिता येते.

२०१९ मध्ये आपल्याकडे सरकारने खुलासा केला, की शिवरायांशी निगडित आणि संरक्षित किल्ल्यांना हात लावणार नाही. बरं झालं. पण बाकीच्या किल्ल्यांचं काय? तटबंदीतून झाडं उगवताहेत, चिरे निखळताहेत. हॉटेल हवं की नको, हा वाद नंतर घालू. आधी हे ठरवा : मालकी कुणाची, डागडुजी कोण करणार, आणि गावकऱ्याला दरवाजातून आत जाता येईल की नाही?

तुम्हाला काय वाटतं? तुमच्या तालुक्यातल्या गढीचं, किल्ल्याचं आज काय चाललंय, तेही लिहा.