मोडण्याची निवड

बांधणें अवघड आणि मोडणें सोपें, असा सामान्य समज आहे. जिवंत पेशी मात्र याच्या उलट साक्ष देते.

या शोधाचा आरंभ न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठांत झाला. १९३३ सालीं जर्मनी सोडून तेथें आलेले रुडॉल्फ शोएनहायमर यांनीं जड नत्राची खूण केलेलीं अमिनो आम्लें उंदरांस चारलीं. त्या नत्राचा मोठा भाग उंदरांच्या शरीरांतील प्रथिनांतच जाऊन बसलेला आढळला. शरीर ही बांधून पुरी झालेली इमारत नव्हे. तिच्या विटा नित्य बदलत असतात, हें त्यावरून सिद्ध झालें.

मग जुन्या विटा काढतो कोण? १९५५ सालीं क्रिस्तियां द दुव्ह यांनीं पेशींतील पाचक पिशवी, लायसोसोम, उजेडांत आणली. परंतु कोडें सुटलें नाहीं. पोटांतील अन्नाचें प्रथिन फुटण्यास शक्ति खर्चावी लागत नाहीं; पेशींतील प्रथिन फुटण्यास मात्र ती लागते, असें मेल्विन सिम्पसन यांनीं १९५३ सालींच दाखविलें होतें. उतारावरून धोंडा लोटावयास मजुरी कां पडावी?

उत्तर मिळालें तें हैफाचे अव्राम हर्श्को व आरोन चिखानोव्हर आणि फिलाडेल्फियाचे आयर्विन रोझ यांच्याकडून. सशाच्या अपक्व रक्तपेशींच्या अर्कावर प्रयोग करतां १९८० सालीं त्यांस आढळलें कीं, ७६ अमिनो आम्लांचें युबिक्विटिन हें चिमुकलें प्रथिन, नष्ट व्हावयाच्या प्रथिनास मुद्रेप्रमाणें चिकटविलें जातें. हें काम तीन विकरें क्रमानें करतात. भक्ष्य ओळखतें तें तिसरें. मनुष्यांत त्याचे शेंकडों प्रकार आहेत.

मुद्रांकित प्रथिन प्रोटिऑसोम नामक पिंपासारख्या यंत्राकडे जातें. पिंपाचें तोंड अरुंद. घडी घातलेलें प्रथिन आंत शिरत नाहीं. तोंडाशीं असलेलें सहा घटकांचें कडें शक्ति खर्चून त्यास ओढतें व उलगडतें. परंतु सुताची गुंडी टोंक सांपडल्यावांचून उकलत नाहीं. तद्वत् प्रथिनाचा एखादा सैल भाग यंत्राच्या हातीं लागावा लागतो. म्हणून मुद्रा ही पहिली निवड, सैल टोंक ही दुसरी. युबिक्विटिन तेवढें सोडवून पुन्हां वापरलें जातें. मजुरी पडते ती निवडण्याची व उलगडण्याची.

या निवडींत कपट शिरलें तर अनर्थ ओढवतो. गर्भाशयमुखाच्या कर्करोगास कारण होणारा विषाणु पेशीच्याच एका तिसऱ्या विकरास फितवितो आणि पी-५३ या रक्षक प्रथिनावर नाशाची मुद्रा उठवितो. पहारेकरीच सुळीं जातो!

२००४ सालीं या तिघांस रसायनशास्त्राचें नोबेल पारितोषिक मिळालें. काय ठेवावें याइतकेंच काय टाकावें, हें ओळखण्यावर जीवन उभें आहे.