अब्रूचं पाणी

आपल्या भागात दोन झाडं सगळ्यांच्या ओळखीची आहेत. एक लाजाळू, बोट लावलं की पानं मिटून घेणारं. दुसरं बेशरम. ओढ्याच्या काठी, कॅनॉलच्या कडेला ते माजलेलं असतं. जनावरं त्याला तोंड लावत नाहीत आणि तोडून फेकलेली काडीसुद्धा ओल मिळाली की पुन्हा फुटते. गंमत अशी, की ही दोन्ही झाडं मूळची अमेरिका खंडातली. परमुलखातून आलेल्या या पाहुण्यांना आपल्या माणसांनी नावं दिली, ती लाजेवरून आणि शरमेवरून. लिनियस या शास्त्रज्ञानं १७५३ साली लाजाळूला जे लॅटिन नाव दिलं, त्याचाही अर्थ 'लाजरी' असाच होतो. इंग्रजीत मात्र ते 'सेन्सिटिव्ह प्लँट' झालं, आणि तुर्की भाषेत 'क्युस्त्युम ओतु', म्हणजे 'मी रुसले' असं म्हणणारं गवत. पान एकच मिटतं. कुणाला त्यात लाज दिसते, कुणाला संवेदना, कुणाला रुसवा.

लाजेचा शब्द तपासला, की माणसं कशाला भितात आणि कशाला जपतात, ते कळतं. म्हणून आज या शब्दांच्या प्रवासाबद्दल थोडं बोलायचं आहे.

'लाज' संस्कृतातल्या लज्जेची लेक. 'शरम' फारसीतून आली. 'ऐब' अरबी. आमच्या घरात दखनी आणि दारात मराठी, त्यामुळं लहानपणी चूक झाली की आईची शरम आणि शेजारच्या काकूंची लाज अशा दोन्ही वाट्याला यायच्या. दोन्ही सारख्याच झोंबायच्या. शब्दांना जातपात नसते, हे शाळेच्या आधी आम्हांला या दोन बायांनी शिकवलं.

हिंगोलीचा मुलूख बहामनी काळापासून १७ सप्टेंबर १९४८ला निजामी राजवट संपेपर्यंत वेगवेगळ्या सत्तांखाली होता. या दरबारांतून फारसी कारभारात आली आणि कारभारातून ओसरीवर. तिकडं उस्मानी तुर्कांनीही फारसी-अरबीच्या विहिरीतूनच पाणी भरलं. १९३१ साली निजामाच्या थोरल्या मुलाचं लग्न शेवटच्या खलिफाच्या कन्येशी, दुर्रुशेहवार यांच्याशी झालं. ही सोयरीक झाली त्याच्या कितीतरी आधी मराठी आणि तुर्की शब्दांचं नातं जुळलेलं होतं. ते नातं लाजेच्या शब्दांत फार स्पष्ट दिसतं.

'अब्रू' हा शब्द घ्या. फारसीत 'आब' म्हणजे पाणी आणि 'रू' म्हणजे चेहरा. अब्रू म्हणजे चेहऱ्यावरचं पाणी, तेज. तुर्कांनी या शब्दाचं आपल्या भाषेत सरळ रूपांतर केलं, 'युझ सुयु', चेहऱ्याचं पाणी. कुणापुढं हात पसरावा लागला, गयावया करावी लागली, की तुर्की माणूस म्हणतो, चेहऱ्याचं पाणी सांडलं. निर्लज्ज माणसाला ते 'युझसुझ' म्हणतात, म्हणजे ज्याला चेहराच नाही असा. आपणही म्हणतोच की, तोंड दाखवायला जागा राहिली नाही, तोंड काळं केलं. सगळा कारभार चेहऱ्याचा. चेहरा आपला असतो खरा, पण तो आपल्याला स्वतःला दिसत नाही, दुसऱ्यालाच दिसतो. अब्रूची अडचण इथूनच सुरू होते.

आता 'नामुष्की' बघा. ग्रीक भाषेत 'नोमोस' म्हणजे कायदा, रीत. तो अरबीत गेला आणि 'नामूस' झाला. फारसीत त्याला इभ्रत, प्रतिष्ठा हा अर्थ चढला. तुर्कीत 'नामुस' म्हणजे आजही इज्जत. मराठीत त्याच नामूसची नामोशी झाली, नामुष्की झाली, आणि अर्थ उलटला. तिकडं जी जपायची इज्जत, ती इकडं ओढवलेली बेइज्जती. मूळ शब्द हरवला आणि तो गमावल्याचं दुःख तेवढं आपल्या भाषेत उरलं.

पण तुर्कीतल्या नामुसचीही एक दुखरी बाजू आहे. पुरुषाच्या कर्तबगारीला तिथं 'शेरेफ' हा वेगळा शब्द आहे. नामुस मुख्यतः बाईच्या वागण्याशी जोडलेला. तो राखायचा बाईनं आणि मिरवायचा घरातल्या पुरुषानं. त्यापायी बापाभावांनी लेकीबहिणींचे जीव घेतले. तुर्कस्तानच्या जुन्या दंडसंहितेत लैंगिक अत्याचार हा सार्वजनिक नीती आणि कुटुंबव्यवस्था यांच्याविरुद्धचा गुन्हा मानला जाई. बाईच्या अंगावर झालेला घाव कुटुंबाच्या खात्यावर लिहिला जाई. स्त्रियांच्या संघटना झगडल्या, तेव्हा २००४ साली नवी संहिता मंजूर झाली आणि १ जून २००५पासून हा गुन्हा व्यक्तीविरुद्धचा ठरला. एका शब्दाची जागा बदलायला इतकी वर्षं लागली.

हे तिकडचं म्हणून सोडून देता येणार नाही. आपल्याकडं अत्याचाराच्या बातमीत 'अब्रू लुटली' असं वर्षानुवर्षं छापून आलं. कायद्याच्या मराठीत 'विनयभंग' हा शब्द १८६०च्या दंडसंहितेपासून चालत आला आणि १ जुलै २०२४ला नवी न्यायसंहिता आली तरी राहिला. लुटणारा चोर असेल, तर चेहरा त्यानं लपवायला हवा. पण मान खाली जाते ती जिचं लुटलं गेलं तिची. १९७२ साली विदर्भात देसाईगंजच्या पोलीस ठाण्यात एका गरीब आदिवासी मुलीवर अत्याचार झाला. १९७८ साली सर्वोच्च न्यायालयानं आरोपी पोलिसांना सोडलं, तेव्हा तिच्या अंगावर प्रतिकाराच्या खुणा नाहीत, हे एक कारण दिलं गेलं. देशभर स्त्रिया रस्त्यावर आल्या आणि १९८३ साली कायदा बदलला. पीडितेचं नाव उघड करायचं नाही, ही तरतूदही त्याच वेळी आली. ती गरजेची आहेच. पण नाव लपवावं लागतं ते कुणाचं, याचा विचार आपण करत नाही.

इंग्रजीत 'शेम' हा एकच शब्द बरीच कामं करतो. सभागृहात तो निषेधाची आरोळी होतो, शाळेच्या मैदानात पोरांचं चिडवणं होतो आणि 'व्हॉट अ शेम' म्हटलं, की नुसतं 'अरेरे' होतो. रूथ बेनेडिक्ट या अमेरिकन विदुषीनं १९४६ साली जपानवर एक पुस्तक लिहिलं. लोकांपुढं वाटणारी शरम आणि मनात सलणारी अपराधाची भावना असा फरक करून तिनं त्यावर संस्कृतींची वर्गवारी केली. पूर्वेकडची माणसं जनाला भितात आणि पश्चिमेकडची मनाला, असा समज त्यातून पसरला. आपल्या आयाबायांनी तो वाचला असता तर त्या हसल्या असत्या. 'जनाची नाही, निदान मनाची तरी लाज बाळग,' हे त्या किती पिढ्या सांगत आल्या आहेत! दोन्ही लाजा त्यांना ठाऊक होत्या, आणि मोठी कोणती, हेही ठाऊक होतं.

नामदेवांची आख्यायिका आपल्याच जिल्ह्यातली. नरसी हे त्यांचं गाव मानतात. संतमेळ्यात गोरोबाकाकांनी थापटण्यानं एकेकाचं डोकं थापटलं आणि नामदेवांना कच्चं मडकं ठरवलं. चारचौघांतली ती नामुष्कीच. नामदेव रागावले, पण तो राग पचवून ते औंढा नागनाथाला विसोबा खेचरांकडं गेले आणि शिष्य झाले. जनापुढं लागलेली लाज त्यांनी मनाकडं वळवली. अशी लाज माणसाला गुरूच्या दारी नेते. दुसरी एक लाज असते, ती बाईला विहिरीकडं नेते, कर्जदार शेतकऱ्याला झाडाकडं नेते. वसुलीचा माणूस दारात उभा राहिला आणि शेजाऱ्यांनी पाहिलं, एवढ्यानं चेहऱ्याचं पाणी सांडतं.

हे पाणी कुठं सांडल्यासारखं मानायचं, हे मात्र ठरवता येतं. १९७२च्या दुष्काळात ज्या घरांतल्या बायका मजुरीला जात नसत, त्याही खडी फोडायला, पाझर तलावाच्या मातीकामाला गेल्या. आदल्या वर्षीपर्यंत ज्यात कमीपणा होता, ते पोटासाठी केलेलं काम झालं. त्यानं कुणाची अब्रू गेली नाही. उलट त्या बायांनी घरं जगवली.

मुस्लिम घरात आणखी एक शब्द ऐकू येतो, 'हया'. हया हा इमानाचाच एक भाग मानतात. अरबीत हया आणि हयात एकाच मुळातून आलेले आहेत. पेन्शनर मंडळी दरवर्षी हयातीचा दाखला देतात, तीच ही हयात, म्हणजे जगणं. जी लाज जगणं राखते ती हया. जी जीव घेते, तिला लाज हे नाव शोभत नाही, मग ती कुठल्याही भाषेत बोलो. आपल्या लेकीला 'लाज वाटू दे' म्हणताना हे एवढं ध्यानात ठेवावं, आणि लेकालाही ते तितक्याच वेळा म्हणावं.