श्यामचे पुढे काय झाले?

दोन वर्षांपूर्वी पाचवीतल्या एका मुलीची आई शाळा सुटल्यावर मला भेटायला आली. मुलीला दूरचित्रवाणीच्या मालिकेत काम मिळाले होते. रोज सकाळी पनवेलहून मुंबईला जायचे, रात्री परतायचे. "सर, हजेरीचे तेवढे सांभाळून घ्या," ती अजिजीने म्हणाली. मी सांभाळून घेतले. मुलगी नसताना तिच्या नावापुढे हजेरी मांडली. त्या रात्री मात्र एक जुना प्रश्न मनात आला : 'श्यामची आई'मधल्या त्या श्यामचे पुढे काय झाले असेल?

पुस्तकातला श्याम म्हणजे स्वतः साने गुरुजी. १९३३ च्या फेब्रुवारीत नाशिकच्या तुरुंगात त्यांनी ते लिहिले. आचार्य अत्र्यांनी त्यावर चित्रपट काढला तो १९५३ साली. तो पाहायला गुरुजी नव्हते. १९५० च्या जूनमध्येच ते गेले होते. वनमालाबाई आई झाल्या आणि माधव वझे हा बारातेरा वर्षांचा मुलगा श्याम झाला. १९५४ मध्ये राष्ट्रीय पारितोषिके प्रथमच दिली गेली, तेव्हा सर्वोत्कृष्ट चित्रपटाचे सुवर्णपदक या मराठी चित्रपटाने मिळवले. बालकलाकाराचे वेगळे पारितोषिक तेव्हा नव्हते. ते १९६८ च्या चित्रपटांपासून सुरू झाले. तेव्हा त्या मुलाच्या वाट्याला पदक आले नाही. आले ते नाव. साऱ्या महाराष्ट्राने त्याला श्याम म्हटले.

असले नाव पेलणे सोपे नसते. सचिन पिळगावकरांनी राजा परांजप्यांच्या 'हा माझा मार्ग एकला' (१९६३) या चित्रपटातून बालपणीच पदार्पण केले, आणि पुढे तोच मार्ग धरून ते नट व दिग्दर्शक झाले. वझ्यांनी निराळी वाट धरली. ते शिकले, पुण्यात इंग्रजीचे प्राध्यापक झाले; नाटके बसवली, नाट्यसमीक्षा लिहिली. उतारवयात 'थ्री इडियट्स' (२००९) आणि 'डियर जिंदगी' (२०१६) यांतल्या छोट्या भूमिकाही केल्या. २०२५ च्या मे महिन्यात ते गेले, तेव्हा बातम्यांत पुन्हा 'श्याम'च गेला. पण मधली सारी वर्षे त्यांनी माधव वझे म्हणून जगून दाखवली होती. ती मिळाली याचे कारण, मला वाटते, पडद्यामागे त्यांची शाळा तुटली नाही.

चित्रपट एकदा पुरा होतो. मालिकेचे तसे नाही. मुंबईचे दूरदर्शन केंद्र २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झाले. पुढे वाहिन्या वाढल्या, आणि रोजच्या मालिकेला रोजचे मूल लागू लागले. सरकारने २०१७ मध्ये नियम केले : मुलाने दिवसात पाच तासांहून अधिक काम करू नये, तीन तासांनंतर विश्रांती मिळावी, मिळकतीचा किमान पाचवा हिस्सा मुलाच्या नावे बँकेत मुदतठेवीत राहावा, आणि शिक्षण खंडित होऊ नये. हे मी वाचले ते उशिरा. शेवटचे कलम पाळले जाते की नाही, हे दाखवणारा कागद म्हणजे शाळेचे हजेरीपत्रक. आणि ते तर माझ्याच हातात होते! मोठ्या मनाने केलेली माझी मदत म्हणजे त्या मुलीच्या बाजूचा एकमेव साक्षीदार फितवणे होते.

मालिका आठ महिन्यांत गुंडाळली गेली. मुलगी वर्गात परतली, ती अपूर्णांक विसरून. मुले तिला मालिकेतल्या नावाने हाका मारीत. ती हसे, मग गप्प होई. शाळा सुटल्यावर मी तिला अर्धा तास थांबवून घेऊ लागलो. तिच्या आईला मी माझी चूक सांगितली, मुख्याध्यापकांनाही सांगितली. बोलणी खाल्ली, ती खायलाच हवी होती.

आता रोज सकाळी हजेरी घेताना तिचे खरे नाव मी जरा मोठ्याने उच्चारतो. ती "हजर" म्हणते, आणि मगच माझी लेखणी कागदाला टेकते.